फ्लॅट छोटा चालेल, शेजारी खमका हवा!

भिंती नाहीत, दाराला कडी नाही, वॉचमन तर नाहीच. तरीही जंगलातले चिमुकले पक्षी अंड्यांची सोय लावतात. कुणी मुंग्यांच्या घरात घुसून, तर कुणी शिकारी पक्ष्याच्या सावलीत. आणि कुणी चक्क तुमच्या-माझ्या बाल्कनीत!

सकाळचे साडेआठ. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात मोबाइल, डोक्यात दहाच्या मीटिंगचं टेन्शन. अशा अवस्थेत मी टॉवेल वाळत टाकायला बाल्कनीत गेले आणि मला दोरीच्या लोंबत्या टोकाला काहीतरी कचरा अडकलेला दिसला. सुकलेली पानं, सालीचे कपचे, कोळिष्टकं, मध्येच कापसाचा पुंजका. 'वाऱ्याने आलं असणार' असं म्हणत मी तो ओढून काढणार, तेवढ्यात त्या कचऱ्यातून एक बारीक, वाकडी चोच बाहेर आली. चोचीमागे एक डोळा. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. आधी मी मागे सरकले!

ही गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतली गोष्ट. पुण्यातला चौथ्या मजल्यावरचा आमचा भाड्याचा फ्लॅट, मी आणि माझी रूममेट. बाल्कनीत रेलिंगवर चढलेली मधुमालती सोडली तर बागकामाच्या नावाने आनंदच. त्यामुळे ही पाहुणी कोण, हे विचारायला मी शेजारच्या काकूंचं दार वाजवलं. बँकेतून रिटायर झालेल्या काकू म्हणजे आमच्या मजल्याचं गूगल. त्यांनी चष्मा सारखा करत पाहिलं आणि म्हणाल्या, ''शिंजीर आहे गं ती. सनबर्ड म्हणता ना तुम्ही? अंडी घालायचीय तिला. हात लावू नकोस हं. नुसतं बघ.''

आता मला सांगा, 'नुसतं बघ' हे आपल्या पिढीला जमतं का? मी फोटो काढायला लागले. पण मधुमालतीची एक फांदी नेमकी मध्ये येत होती. दोन दिवस मी धीर धरला आणि तिसऱ्या दिवशी कात्री घेतली. फांदी गेली, छान उजेड आला, फोटो झक्कास निघाला. ऑफिसच्या ग्रुपवर बदाम आणि टाळ्यांचा पाऊस पडला.

दोन दिवसांनी सकाळी दार उघडलं तर घरटं उभं फाटलेलं. आतलं कापसाचं अस्तर दोरीला लोंबत होतं आणि फरशीवर नखाएवढा कवचाचा तुकडा. रेलिंगवर कावळा बसला होता. त्याच्यावर तरी काय रागावणार? त्याला वाट मोकळी करून दिली होती ती मीच.

काकू ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ''अगं, पडदा काढलास तू तिचा.''

ते वाक्य डोक्यातून जाईना. आणि त्यासोबत एक प्रश्नही. आमच्या सोसायटीत आंबा आहे, बकुळ आहे, मागे रिकाम्या प्लॉटवर बाभळी आहेत. इतकी झाडं सोडून ही बाई माझ्या कपड्यांच्या दोरीवर का आली? याचं उत्तर शोधायला म्हणून मी पक्ष्यांवरची पुस्तकं चाळायला घेतली. आणि बॉस, तिथून जे काही उघडत गेलं, ते भन्नाट होतं!

घर नव्हे, मॅटर्निटी वॉर्ड

पहिला गैरसमज दूर करू. घरटं म्हणजे पक्ष्याचं घर असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. बहुतेक छोट्या पक्ष्यांच्या बाबतीत हे खरं नाही. दिवसभर खायला शोधायचं आणि रात्री एखाद्या फांदीवर पिसं फुलवून झोपायचं, हे त्यांचं वर्षभराचं रुटीन. घरटं लागतं ते फक्त अंडी-पिल्लांपुरतं. शिंजीरचंच घ्या. बांधकामाचे काही दिवस, मग दोन अंडी, ती उबायला साधारण दोन आठवडे आणि पिल्लं उडायला आणखी अडीच-एक आठवडे. एवढ्यात खेळ खल्लास. कर्ज नाही, हप्ते नाहीत, वीस वर्षांचं ओझं नाही.

पण या पाच-सहा आठवड्यांत काय वाट्टेल ते होऊ शकतं. कावळा, भारद्वाज, टकाचोर हे सगळे अंड्यांचे आणि पिल्लांचे शौकीन. शिवाय साप, सरडे, मांजरं, खारी. आणि जिच्यावर हे सगळं सांभाळायची वेळ येते ती शिंजीरची मादी जेमतेम १० सेंटिमीटरची, वजन १० ग्रॅमसुद्धा नाही. ती कावळ्याशी भांडणार कशी?

म्हणून प्लॅन ए म्हणजे लपणं. शिंजीरच्या घरट्याला मी कचरा समजले, ही तिच्या कामाला मिळालेली पावतीच होती. कोळ्याच्या जाळ्याचे धागे गोंदासारखे वापरून ती त्यावर सालीचे तुकडे, दगडफूल, अळ्यांची विष्ठासुद्धा चिकटवते. दार बाजूला आणि दारावर छोटीशी पागोळी. बघणाऱ्याला वाटावं, वाळका पालापाचोळा लोंबतोय.

शिंपी पक्षी तर याही पुढचा कलाकार. झाडावरचं एखादं रुंद पान निवडायचं, त्याच्या कडांना चोचीने बारीक भोकं पाडायची आणि कोळ्याचा धागा किंवा कापसाचा तंतू त्यातून ओवून पानाचा द्रोण शिवायचा. एक पान पुरलं नाही तर दोन. गंमत म्हणजे पान देठापासून तोडलेलं नसतं. ते झाडावरच जिवंत, हिरवंगार राहतं, त्यामुळे शंभर पानांत नेमकं कुठलं पान 'भरलेलं' आहे हे कळत नाही. तरीही कोकिळेच्या कुळातल्या काही छोट्या जाती नेमकं तेच पान शोधून शिंप्याच्या घरट्यात आपलं अंडं टाकून जातात. म्हणजे कितीही लपा, कुणीतरी तुमचा पत्ता काढतोच.

आणि सुगरण? लटकत्या घरट्यांची ती क्वीन! पण नावावर जाऊ नका, विणकाम करतो तो नर. सालिम अलींनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींच्या वसाहतीचा बारकाईने अभ्यास केला तेव्हा या संसाराची खरी कहाणी उलगडली. नर अर्धवट घरटं विणतो. माद्या येतात, आत डोकावतात, लोंबकळून बघतात. पसंत पडलं तर मादी तिथे राहते आणि मग नर उरलेलं काम पूर्ण करतो. ती अंड्यांवर बसली की हे महाशय दुसऱ्या घरट्याच्या कामाला लागतात, दुसरीसाठी. सॅम्पल फ्लॅट दाखवून बुकिंग घेण्याचा फंडा पक्ष्यांकडे आपल्याआधीपासून आहे!

पण लपणं आणि विणणं दोन्ही कमी पडलं तर? इथे प्लॅन बी येतो आणि आजचा आपला खरा विषय सुरू होतो. भिंत मजबूत करता येत नसेल, तर शेजार बघून घ्यायचा. आणि शेजारी जितका भांडखोर, तितकं बरं!

कोतवालाच्या वाड्यात

शहराबाहेर पडलात की विजेच्या तारेवर किंवा म्हशीच्या पाठीवर एक काळाकुळकुळीत, माशासारख्या दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी दिसतो. तोच कोतवाल. आकाराने बुलबुलापेक्षा थोडा मोठा, पण नाव बघा! जुन्या काळी शहराचा बंदोबस्त ज्याच्याकडे असायचा त्या अधिकाऱ्याचं नाव लोकांनी या पक्ष्याला उगाच दिलेलं नाही. विणीच्या दिवसांत आपल्या झाडाजवळ कावळा आला, घार आली, कुणीही आलं तरी हा वरून सूर मारतो आणि पाठीवर टोचा हाणून थेट हद्दपार करतो. घार पुढे आणि हा मागे, हे दृश्य एकदा बघाच.

आता याच झाडावर जरा शोधा. हळद्या, होला, बुलबुल, सातभाई अशा मवाळ मंडळींपैकी कुणाचं तरी घरटं सापडण्याची शक्यता चांगली असते. हळद्याचं तर कोतवालाच्या घरट्याजवळ घरटं करणं पक्षीनिरीक्षकांच्या ओळखीचं आहे. कोतवाल या भाडेकरूंसाठी काही करत नाही. तो आपलीच अंडी राखतो. पण कावळा झाडावर फिरकतच नाही म्हटल्यावर त्याचा फायदा सगळ्या बिल्डिंगला! आमच्या सोसायटीत तळमजल्यावरचे एक आजोबा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हटकतात. आम्ही त्यांच्यावर वैतागतो. पण खरं सांगू? रात्री उशिरा ऑफिसमधून येताना त्यांच्या खिडकीतला लाइट दिसला की बरं वाटतं.

मुंग्यांकडे पेइंग गेस्ट

कोतवाल निदान पक्षी तरी आहे. सह्याद्रीच्या जंगलात एक तांबूस सुतार पक्षी राहतो, साधारण साळुंकीएवढा. त्याने निवडलेला शेजार ऐकलात तर अंगावर काटा येईल.

या जंगलांत काही मुंग्या झाडाच्या फांदीवर काळपट-तपकिरी गोळ्यासारखं घर करतात. चघळलेल्या लाकडाचा आणि वनस्पतींच्या तंतूंचा लगदा करून बनवलेलं, हाताला पुठ्ठ्यासारखं लागणारं. (हात लावून बघू नका, प्लीज.) या मुंग्या चिडल्या की पोटाचं टोक वर उचलून डोक्यावर वळवतात, एखाद्या कसरतपटूसारखं, आणि हजारोंनी तुटून पडतात. हा सुतार नेमकं हेच घर निवडतो, त्याला भोक पाडतो, आत पोकळी कोरतो आणि तिथे अंडी घालतो. मुंग्या आत राहत असताना!

त्याहून कहर म्हणजे याच मुंग्या त्याचं मुख्य जेवण. म्हणजे ज्यांच्या घरात राहायचं त्यांनाच डब्यात न्यायचं. अशा पेइंग गेस्टला कुठली मालकीण ठेवून घेईल? या पक्ष्याच्या पिसांमध्ये मुंग्यांची तुटलेली डोकी घट्ट चावा घेतलेल्या अवस्थेत अडकलेली सापडली आहेत. तेव्हा हे सहजीवन वगैरे फार गोड आहे असं समजू नका. पण एखादा साप किंवा खार फांदीवरून सरकत या अंड्यांपर्यंत यायची म्हटली, तर आधी मुंग्यांची अख्खी फौज पार करावी लागणार. एवढी सिक्युरिटी कुठल्या टॉवरमध्ये मिळते?

शिंजीरच्याच कुळातला, लांब वाकड्या चोचीचा लोटनचा सूर्यपक्षीही याच वाटेने जातो. समूहाने राहणारे काही कोळी झुडपांवर धुरकट, दाट जाळ्यांचे मोठे गुंते विणतात. अशा जाळ्याच्या आत या पक्ष्याची घरटी सापडली आहेत. आयतं मच्छरदाणीसारखं आवरण मिळतं आणि बाहेरून बघणाऱ्याला फक्त धुळीने माखलेलं जाळं दिसतं.

शिकाऱ्याच्या सावलीत

शेजाऱ्याच्या दहशतीचा फायदा घेण्याचा सगळ्यात देखणा नमुना मात्र आपल्याकडचा नाही. तो अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यातल्या चिरिकावा डोंगरांतला आहे. तिथल्या जंगलात काळ्या हनुवटीचा हमिंगबर्ड राहतो. वजन साधारण तीन ग्रॅम. आपल्या शिंजीरहूनही लहान. त्याचा शत्रू म्हणजे 'जे' नावाचा, कावळ्याच्या कुळातला पक्षी. अंडी दिसली की फस्त.

हॅरॉल्ड ग्रीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं की हमिंगबर्डची घरटी जंगलभर विखुरलेली नाहीत. ती मोठ्या शिकारी पक्ष्यांच्या घरट्यांभोवती गोळा झाली आहेत. हे शिकारी म्हणजे आपल्या शिकऱ्याच्या जातकुळीतले, गोशॉक आणि कूपर्स हॉक. आत्महत्याच की! पण हिशेब बघा. तीन ग्रॅमच्या पक्ष्यासाठी एवढा मोठा शिकारी उठणारसुद्धा नाही. त्याला 'जे' मात्र चालतो. आणि तो झडप घालतो वरून खाली. त्यामुळे शिकाऱ्याच्या घरट्याच्या आसपास 'जे' पक्षी खाली उतरायची हिंमत करत नाहीत, उंचावरच राहतात. परिणामी घरट्याच्या खाली तंबूच्या आकाराची एक सुरक्षित जागा तयार होते. हमिंगबर्ड नेमका त्या तंबूत बिऱ्हाड थाटतो आणि तिथली पिल्लं जगण्याचं प्रमाण बाहेरच्यांपेक्षा कितीतरी जास्त असतं.

अट एकच. शिकारी घरी असला पाहिजे. त्याचं घरटं रिकामं असेल, तर 'जे' बिनधास्त खाली उतरतात आणि तंबू उडून जातो. मला हे वाचताना माझी कात्री आठवली. भिंत न फोडता, घरट्याला हातसुद्धा न लावता एखाद्याचं संरक्षण काढून घेता येतं.

आधी शेजाऱ्याला विचारा

बरं, कुठला शेजार चांगला हे कळतं कसं? आपण भाड्याचं घर बघायला गेलो की काय करतो? ब्रोकरचं सगळं ऐकून घेतो आणि मग जिन्यात भेटलेल्या काकांना हळूच विचारतो, ''पाणी येतं का हो?'' युरोपातल्या जंगलांत फ्लायकॅचर नावाचा काळा-पांढरा छोटा पक्षी हेच करतो.

हा पाहुणा पक्षी. हिवाळा आफ्रिकेत काढून वसंतात उत्तरेला पोहोचतो. तोपर्यंत तिथले कायमचे रहिवासी असलेल्या ग्रेट टिट पक्ष्यांनी जागा पटकावलेल्या असतात. फ्लायकॅचरला परिसर पारखायला वेळ नसतो. यान्ने-तुओमास सेप्पानेन आणि युक्का फोर्समन या फिनिश संशोधकांनी २००७ साली एक मजेशीर प्रयोग मांडला. टिट पक्षी राहत असलेल्या लाकडी खोक्यांवर त्यांनी एक खूण लावली, समजा त्रिकोण. रिकाम्या खोक्यांवर दुसरी, समजा वर्तुळ. या खुणांना निसर्गात काहीच अर्थ नाही. पण नंतर आलेल्या फ्लायकॅचरना त्रिकोणाचं खोकं आणि वर्तुळाचं खोकं यांत निवड करायची वेळ आली, तेव्हा टिट ज्या खुणेच्या घरात राहत होते तीच खूण त्यांनी उचलली. हंगाम जसजसा सरत गेला तशी ही नक्कल वाढत गेली. उशीर झालेला माणूस अनुभवी शेजाऱ्याचं ऐकतो, अगदी तसंच.

इथेही शेजार फुकट नाही. चुकून टिटच्या खोक्यात शिरलेला फ्लायकॅचर कधीकधी टिटच्या चोचीने जिवानिशी जातो. म्हणजे जवळ राहायचं, पण दार चुकवायचं नाही. सगळ्या गोष्टींत हा एक समान धागा दिसतो. कोतवाल, मुंग्या, शिकारी पक्षी, टिट. यांच्यापैकी कुणीही दयाळू नाही. छोट्या पक्ष्याला त्यांची माया नकोच असते. ते तिथे असावेत आणि आपल्या उद्योगात मग्न असावेत, एवढीच त्याची अपेक्षा.

आणि तुमच्या सोसायटीतला कोतवाल?

आता परत माझ्या दोरीकडे येऊ. शिंजीर, शिंपी, बुलबुल हे पक्षी व्हरांड्यात, लाइटच्या वायरवर, कुंडीतल्या झाडावर घरटी करतात ते काही झाडं संपली म्हणूनच नाही. शिंजीरची घरटी अंगणात, पडवीत सापडणं हे जुनंच आहे. दिवसातून दहा वेळा जिथे दार उघडतं, टॉवेल झटकले जातात, कुणीतरी फोनवर मोठमोठ्याने बोलतं, तिथे भारद्वाज आणि टकाचोर सहसा येत नाहीत. कावळाही जरा दबकूनच असतो.

म्हणजे ती माझ्या मधुमालतीवर भाळली नव्हती. तिला हवी होते मी! माझी वर्दळ, माझा आरडाओरडा. शिंजीरच्या हिशेबात मी तिची मुंग्यांची फौज होते, तिचा शिकारी पक्षी होते. आणि या नोकरीची एकमेव अट होती की रोजच्यासारखं वाग आणि मध्ये पडू नकोस. त्यातलं दुसरं मला जमलं नव्हतं.

एप्रिलच्या सुरुवातीला ती परत आली. तीच होती का, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. सगळ्या माद्या एकसारख्याच दिसतात, पांढुरका गळा आणि खाली पिवळं पोट. पण दोरीच्या त्याच टोकावर कोळ्याचे धागे दिसू लागले. मधुमालतीलाही तोवर नवी पालवी आली होती. यावेळी मी टॉवेल आतल्या स्टँडवर वाळत घातले, फोटोंवर स्वतःच बंदी घातली आणि रूममेटकडूनही तसं कबूल करून घेतलं. चहा मात्र रोज बाल्कनीतच. काकू म्हणायच्या, ''बस तिथे खुशाल. तू दिसायला हवीस.''

आणि मग लिफ्टमध्ये नोटीस लागली. बिल्डिंगला बाहेरून रंग देणार. आमची विंग पंधरा तारखेपासून.

हिशेब केला. पिल्लं उडायला किमान महिनाअखेर उजाडणार होती. मी आणि काकू सेक्रेटरींकडे गेलो. ते म्हणाले, ''मॅडम, एका चिमणीसाठी परांची थांबवू का?'' त्यांचंही बरोबर होतं. कॉन्ट्रॅक्टर दिवसावर पैसे लावत होता, पावसाळ्याआधी काम उरकायचं होतं आणि मी तर भाडेकरू. आम्ही कायद्याचंही सांगितलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यातच रानपक्ष्यांची अंडी नष्ट करणं आणि अंड्यांना वा घरट्यांना धक्का लावणं हेही येतं. सेक्रेटरींनी मान डोलावली, पण चेहऱ्यावर तारखांचंच गणित होतं.

तोडगा काढला तो रंगारीदादांनी. ते झुल्यावरून चौथ्या मजल्यापर्यंत उतरले, दोरीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, ''एवढीच जागा ना? सोडून देतो ताई. वरचं मारतो, खालचं मारतो.'' तीन दिवस माझ्या बाल्कनीच्या आजूबाजूला झुले, बादल्या, रेडिओवरची गाणी असा सगळा गोंधळ होता. मादी पहिल्या दिवशी दोन वेळा उडाली आणि मी कॉल म्यूट करून काचेआडून श्वास रोखून बघत बसले. दोन्ही वेळा ती परत आली. दुसऱ्या दिवसापासून तिने झुल्याकडे लक्ष देणंच सोडलं. मला वाटतं, तिने रंगारीदादांनाही बंदोबस्तात धरलं असावं.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दारातून दोन चोची दिसत होत्या. सोमवारी सकाळी एक पिल्लू मधुमालतीवर बसलेलं दिसलं, शेपूट जवळजवळ नसलेलं, भांबावलेलं. दुसरं मला दिसलंच नाही. ते आधी उडालं की काही झालं, कोण जाणे. दुपारी लंच ब्रेकमध्ये मी बाल्कनीत डोकावले तेव्हा फांदीही रिकामी होती.

आमची बिल्डिंग आता बाहेरून मोतिया रंगाची झाली आहे. फक्त चौथ्या मजल्यावर दोरीच्या हुकाभोवती एक चौकोन जुन्या पिवळ्या रंगाचा राहिलाय. सेक्रेटरी भेटले की त्याबद्दल टोमणा मारतात. यंदाच्या फेब्रुवारीत त्यांनीच गेटवर थांबवून विचारलं, ''काय हो, आली का तुमची पाहुणी?''

चौकट : तुमच्या बाल्कनीत घरटं दिसलं तर...

* फांद्या, वेली, पडदे, जुनी दोरी जशी आहे तशी ठेवा. तुम्हाला पसारा वाटतो तो त्यांचा आडोसा असतो.
* घरटं 'सुरक्षित जागी' हलवू नका. आई-बाप जुन्याच जागी शोधत राहतात आणि पिल्लं उपाशी राहतात.
* रोजची ये-जा चालू ठेवा. दार कायमचं बंद करून बसण्याची गरज नाही. फक्त घरट्यासमोर रेंगाळू नका.
* फोटो काढायचाच असेल तर लांबून, फ्लॅश बंद ठेवून आणि एकदाच. घरट्याचा नेमका पत्ता सोशल मीडियावर टाकू नका.
* घरट्याखाली दाणे किंवा शिळा भात ठेवू नका. त्याने कावळे आणि मांजरं यांना आमंत्रण जातं.
* रंगकाम, ग्रिल, एसी फिटिंग अशी कामं शक्य असल्यास महिना-दीड महिना पुढे ढकला. ते जमत नसेल तर कारागिरांशी आधी बोला. बहुतेक वेळा वाट निघते.
* पिसं फुटलेलं पिल्लू खाली बसलेलं दिसलं तर लगेच उचलू नका. उडायला शिकणारी पिल्लं अशी बसतात आणि आई जवळच असते. मांजर असेल तर फक्त मांजराला लांब ठेवा.
* पिल्लं उडून गेली तरी घरटं लगेच काढू नका. काही शिंजीर तेच घरटं डागडुजी करून पुन्हा वापरतात. आणि तेव्हा त्यांना कुठलाही ब्रोकर लागत नाही!